येशू की यहोशवा? रद्दीतल्या बायबलातली एक 'चूक'

बखरवाला

रविवारी रद्दीवाल्याकडे जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली काळ्या पुठ्ठ्याचं एक इंग्रजी बायबल सापडलं. किंग जेम्स आवृत्ती. आत कुणाला तरी रविवारच्या शाळेत बक्षीस दिल्याची चिठ्ठी चिकटवलेली, नाव पुसट झालेलं. चाळीस रुपयांत दिलं.

घरी येऊन चाळत होतो. 'इब्री लोकांस पत्र', अध्याय ४, वचन ८ या जागी जुन्या मालकाने 'जीझस' या शब्दाखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढल्यात आणि समासात हे एवढं मोठं प्रश्नचिन्ह काढलंय. वाक्य वाचलं आणि मीही अडकलो. जीझसने त्यांना विसावा दिला असता, तर देव पुढे दुसऱ्या एखाद्या दिवसाविषयी बोलला नसता, असा मजकूर. म्हणजे जीझसने विसावा दिलाच नाही? आणि हे ख्रिस्ती धर्मग्रंथातच लिहिलंय?

बायकोच्या मावशीने दिलेलं मराठी बायबल कपाटात होतं. त्यात त्याच वचनात 'यहोशवा'. मोशेच्या मागून इस्राएली लोकांना यार्देन नदी ओलांडून कनानात नेणारा, नूनाचा मुलगा यहोशवा. मग 'प्रेषितांची कृत्ये' ७:४५ काढलं. तिथेही इंग्रजीत जीझस, मराठीत यहोशवा.

आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही. जे कळलं ते लिहितो, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

छपाईची चूक नाहीच. मूळ ग्रीकमध्ये दोघांचं नाव अक्षरशः एकच आहे: ईएसूस. मराठी भाषांतरकारांनी संदर्भ पाहून एकाला यहोशवा केलं, दुसऱ्याला येशू. १६११च्या इंग्रज मंडळींनी या दोन जागी ग्रीक जसंच्या तसं ठेवलं, आणि आपला पेन्सिलवाला बिचारा अडकला.

नावाचा प्रवास असा. मूळ हिब्रू 'यहोशुआ'. 'गणना' १३:१६ मध्ये मोशे नूनाच्या मुलाचं आधीचं नाव 'होशेय' बदलून हे ठेवतो. होशेय म्हणजे तारण, सुटका. पुढे 'यहो' लागल्यावर देवाचं नाव आलं आणि अर्थ झाला 'परमेश्वर तारण आहे'. बाबेलच्या बंदिवासानंतरच्या पुस्तकांत हेच नाव आखूड होऊन 'येशुआ' झालेलं दिसतं. याचा झकास पुरावा म्हणजे एकच प्रमुख याजक: हाग्गय आणि जखऱ्या यांच्या हिब्रू पुस्तकांत त्याचं नाव यहोशुआ, एज्राच्या पुस्तकात येशुआ. माणूस तोच. आणि 'नहेम्या' ८:१७ मध्ये तर खुद्द नूनाचा मुलगाही येशुआ आहे. 'यहो'मधल्या ओकाराला पुढचा उकार जवळ नकोसा झाला आणि त्याचा एकार झाला, असं भाषातज्ज्ञ सांगतात.

मग इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांनी आपली शास्त्रं ग्रीकमध्ये आणायला घेतली. ग्रीकमध्ये 'श' नाही, झाला 'स'. शेवटी घशातून काढायचा 'अयिन' आहे, तोही ग्रीकमध्ये नाही. 'येशुआ'तला शेवटचा 'आ' त्या अयिनला टेकू म्हणून आलेला, अयिन गेला तसा तोही गेला. उरलं 'येसू'. पुरुषाचं नाव ग्रीक विभक्तीत चालवायचं तर प्रथमेला 'स' हवा, म्हणून ईएसूस. ('ये'च्या जागी जो ग्रीक स्वर आला त्याचा उच्चार त्या काळी दीर्घ 'ए'च्या जवळचा होता, आजचे ग्रीक लोक 'ई' म्हणतात.)

आता मला खरी चुटपुट लागलीय ती 'मत्तय' (बायबलातलं येशूचं एक चरित्र) १:२१ची. देवदूत योसेफाला सांगतो, त्याचं नाव येशू ठेव, *कारण* तो आपल्या लोकांना पापांपासून तारील. या 'कारण'चा संबंध फक्त हिब्रूत लागतो. येशुआ आणि 'तो तारील' हे कानाला एकाच घरातले शब्द. ग्रीकमध्ये 'ईएसूस' आणि तारण्याचं क्रियापद 'सोझो', काहीही नातं नाही. मत्तयाने ग्रीकमध्ये कोटी केली, तिची किल्ली हिब्रूत ठेवली, आणि किल्ली कुठे आहे ते सांगितलंही नाही. दोनच वचनं पुढे 'इम्मानुएल' येतं तेव्हा मात्र 'म्हणजे आम्हांबरोबर देव' असा अर्थ फोडून देतो. इथे का नाही दिला?

---

पोदेर

मस्त धागा! माझी आजी मडगावची. तिच्या तोंडी 'येशू' कधीच नाही, कायम 'जेजू'. 'नमान मोरिये' ही प्रार्थना म्हणताना सुद्धा जेजूच. लहानपणी मला वाटायचं मराठीवाल्यांचा येशू वेगळा आणि आमचा जेजू वेगळा.

आणखी एक. जुन्या गोव्यात बॉं जेझुस बासिलिकेच्या दर्शनी भिंतीवर वर बघितलंत तर आय, एच, एस अशी तीन अक्षरं कोरलेली दिसतील. ऑस्तीवरही (मिस्सेत प्रसाद म्हणून देतात त्या पातळ भाकरीवर) असतात. सगळे त्याचे लॅटिन विस्तार सांगतात. पण ती मुळात ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं: योता, ईटा, सिग्मा. मधला 'एच' हा 'ह' नव्हेच, तो ग्रीक ईटा, म्हणजे आपला 'ए'. कॅटेकिझमच्या वर्गात हे कुणी सांगितलं असतं तर मी जास्त लक्ष दिलं असतं.

---

बखरवाला

पोदेरबाब, देव बरें करूं! या 'एच'ने मलाही चकवलं होतं.

जेजूबद्दल: लॅटिनमध्ये 'येसूस'च होतं, 'य'नेच सुरू. लॅटिनच्या लेकी पोर्तुगीज, फ्रेंच वगैरे झाल्या तेव्हा शब्दाच्या सुरुवातीच्या 'य'चा 'ज/झ' झाला. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. योगीचा जोगी, यात्रेची जत्रा, यमुनेची जमना आपणच केली ना? येशूचा जेजू त्याच वाटेने गेला, फक्त दुसऱ्या खंडात. इंग्रजीतलं 'जे' हे अक्षर तर 'आय'पासून नीट वेगळं निघालं तेच सतराव्या शतकात. १६११च्या पहिल्या छपाईत हे नाव 'आय'नेच छापलंय.

इंग्लंडातून आलेले जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ला गोव्यात उतरले आणि १६१६ला राशोलला त्यांचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. ओव्या मराठी आणि कानाशी पोर्तुगीज, अशा त्या जगातून तुमच्या आजीचा जेजू आलाय.

---

सत्यवचनी_८

एवढा अभ्यास केलात पण मूळ गोष्ट लपवलीत. ईएसूस = 'ए झ्यूस', म्हणजे झ्यूस देवाचा जयजयकार. रोमन लोकांनी खरं हिब्रू नाव पुसून आपल्या देवाचं नाव घुसवलं. खरं नाव 'याहूशुआ'. यावर व्हिडिओ आहेत, लिंक हवी तर देतो.

---

बखरवाला

लिंक नको, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलीय.

१) झ्यूस ग्रीकमध्ये 'झीटा'ने सुरू होतो, ईएसूसमध्ये दोन्ही सिग्मा आहेत. आणि झ्यूसची षष्ठी होते 'दिऑस'. ईएसूसची 'ईएसू'. दोघांची विभक्तीसुद्धा एका पंगतीत बसत नाही.

२) शेवटचा 'स' सगळ्यांनाच लागलाय. यहूदाचा यूदास, एलीयाचा एलियास. तेलुगूत रामाचा 'रामुडु' होतो, म्हणून 'उडु' नावाचा कुणी देव शोधायचा का?

३) हे रूप यहुद्यांनी स्वतः, रोमनांचा संबंध यायच्या आधी, आपल्याच यहोशवासाठी वापरलं. बेन सीरा या यहुदी पंडिताच्या बोधग्रंथाचं ग्रीक भाषांतर त्याच्या नातवाने केलं. तो इजिप्तला आला इ.स.पू. १३२ला, आणि आपल्या आजोबांचं नाव ईएसूस असंच लिहितो. भक्त यहुदी नातू आजोबांना झ्यूसचा जयजयकार म्हणून हाक मारेल?

राहिलं 'याहूशुआ'. व्हिडिओवाल्यांना ते आवडतं, पण हिब्रू शास्त्रात सापडतात ती रूपं यहोशुआ आणि येशुआ.

---

तिखट_शेव

रामुडु 😄 आता कुणीतरी येऊन ख्रिस्त = कृष्ण म्हणा म्हणजे धागा शंभरी गाठेल.

---

बखरवाला

म्हणायच्या आधीच सांगतो: ख्रिस्तॉस म्हणजे तेलाने अभिषेक केलेला. हिब्रू 'माशीआह'चं सरळ भाषांतर. मसीहा तोच, ख्रिस्त तोच. ते नाव नाही, पदवी आहे. कृष्ण म्हणजे काळा. पुढे चला.

---

शनिवार_तेलीण

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी, मूळचे रायगडातले, मी आता इस्राएलमध्ये अश्दोदला असते. तिळाचं तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. तेच नाव इथे घेतलंय.

'स' लागण्यावरून आठवलं. मुंबईतलं आमचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ला बांधलं ते सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी. पण त्यांना लोक ओळखायचे 'सामाजी हसाजी' म्हणून! शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी. ग्रीकांनी 'स' लावला, आपण 'जी' लावला. (आमचे लोक सिनॅगॉगला मशीदच म्हणतात, ती 'जुनी मशीद'.) नाव बदललं म्हणून कुणी धर्म बदलला नव्हता, सत्यवचनी भाऊ.

आता इथली गंमत. आजच्या हिब्रूत रस्त्यावरचा माणूस नासरेथच्या येशूला 'येशू'च म्हणतो, शेवटचा अयिन न लावता. अगदी मराठीसारखं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं हा पुण्याचा आहे की काय. पण इथल्या ख्रिस्ती लोकांना हे रूप खटकतं, कारण मध्ययुगात काही यहुद्यांनी या तीन अक्षरांची फोड करून 'त्याचं नाव पुसलं जावो' असा अर्थ काढला होता. म्हणून ते आवर्जून 'येशुआ' म्हणतात. पण हे आखूड रूप मुळात शिवी नसावं, असं इथल्या यरुशलेमचे अभ्यासक डेव्हिड फ्लुसर यांचं मत होतं. गालीलचे, म्हणजे येशूच्याच मुलखातले लोक घशातली अक्षरं गिळायचे, त्यांच्या तोंडी येशुआचा येशू झाला असेल.

गालीलवाल्यांच्या उच्चाराची तलमुदात, म्हणजे आमच्या जुन्या धर्मचर्चांच्या ग्रंथात, टर उडवलीय. एक गालीली बाजारात विचारतो, 'अमर कुणाकडे आहे?' लोक म्हणतात, 'अरे मूर्खा, बसायला हमार म्हणजे गाढव हवंय, प्यायला हमर म्हणजे दारू, अंगावर घ्यायला अमर म्हणजे लोकर, की कापायला इम्मर म्हणजे कोकरू?' त्याला सगळी अक्षरं सारखीच. आपल्याकडे 'पानी' म्हणणाऱ्याला हसतात तसंच. येशूचा शिष्य पेत्र, त्यालाही अंगणातल्या लोकांनी बोलीवरूनच ओळखलं होतं ना?

---

बखरवाला

तेलीणताई, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी आहे. पेत्राचं ते 'मत्तय' २६:७३, 'तुझ्या बोलीवरून तू कोण ते कळतं' असं.

मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांनी तुमच्या लोकांसाठी हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं होतं, १८३२ साली. आपल्याला इंग्रजीतून हिब्रू शिकायची सवय नंतर लागली.

---

मोहल्ला_सात

आमच्याकडे हजरत ईसा. कुरआनात ईसा आहे, पण अरब ख्रिस्ती 'यसूअ' म्हणतात. एकाच भाषेत दोन रूपं कशी?

---

हस्तलिखितवेडा

मोहल्ला, यसूअमध्ये अयिन शेवटी आहे, हिब्रूसारखा. ईसामध्ये तोच अयिन शब्दाच्या सुरुवातीला आलाय. असं का, यावर जाणकारांत एकमत नाही. पूर्वेकडच्या सिरियाक ख्रिस्ती लोकांचं रूप 'ईशो' होतं, केरळचे जुने ख्रिस्ती अजूनही 'ईशो' म्हणतात. त्या 'ई'चा संबंध बरेच जण लावतात.

आता माझ्या आवडीचं खाद्य. हे नाव तेव्हा फार साधं होतं हे लक्षात घ्या. त्या काळच्या पॅलेस्टाईनमधल्या यहुदी पुरुषांच्या नावांची मोजणी झालीय, हाडं ठेवायच्या दगडी पेट्यांवरची नावंही तिच्यात धरलीत. तीत शिमोन, योसेफ, एलाजार, यहूदा, योहानान यांच्यानंतर सहावा नंबर याचा लागतो. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस, त्याच्या इतिहासात वीसेक ईएसूस आहेत. 'कलस्सैकरांस पत्र' ४:११ मध्ये 'युस्त म्हटलेला येशू' आहे. 'कृत्ये' १३ मध्ये बार-येशू नावाचा जादूगार आहे. म्हणून तर 'नासरेथकर' लावावं लागलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: 'मत्तय' २७:१६-१७च्या काही हस्तलिखितांत बरब्बाचं (येशूऐवजी सोडून दिलेल्या कैद्याचं) पूर्ण नाव 'ईएसूस बरब्बा' आहे! बर-अब्बा म्हणजे बापाचा मुलगा. म्हणजे रोमन सुभेदार पिलात लोकांना विचारतो, 'कोणता येशू सोडू, बरब्बा की ख्रिस्त म्हणतात तो?' तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिगेन, त्याला हा पाठ माहीत होता आणि पाप्याला हे नाव शोभत नाही म्हणून तो पसंत नव्हता. मला वाटतं, म्हणूनच बाकीच्या प्रतींतून ते गळलं असावं. नाव आदरामुळे घालण्यापेक्षा आदरामुळे काढणं जास्त पटतं.

उलट प्रकारही आहे. यहूदाच्या पत्राच्या ५व्या वचनात 'प्रभूने लोकांना मिसर देशातून सोडवलं' असं आपण वाचतो. व्हॅटिकनस आणि अलेक्झांड्रिनस या दोन नावाजलेल्या प्रतींत तिथे 'ईएसूस' आहे. आता हा कोणता? ख्रिस्त की नूनाचा मुलगा? बखरवाल्यांचा पेन्सिलवाला इथे असता तर पेन्सिलच मोडली असती.

अवांतर: ग्रीक अक्षरांना अंकांच्या किमती असतात. १० + ८ + २०० + ७० + ४०० + २०० = ८८८. सिबिल या प्राचीन भविष्यवादिनीच्या नावावर खपवलेल्या एका ख्रिस्ती काव्यात हे कोडं घातलंय: आठ एकं, तितकेच दहं, आणि आठ शतं.

---

तिखट_शेव

नासरेथकर 😂 पेणकर, नवगावकर, नासरेथकर. तेलीणताई, तुमचेच पाहुणे निघाले.

---

शनिवार_तेलीण

पाहुणे कसले, मूळचे आमचेच.

---

धातुपाठ

एक दुरुस्ती, बखरवाले. 'होशेय'च्या पुढे 'यहो' लागलं इतकं ते सरळ नाही. होशेय हे 'यश' (य-श-अयिन) या धातूचं रूप, आपल्या 'यश' शब्दाशी संबंध नाही, गैरसमज नको. यहोशुआचा दुसरा भाग 'शुआ' हा त्याच धातूचा की मदत, धावा या अर्थाच्या जवळच्या दुसऱ्या धातूचा, यावर वाद आहे. 'परमेश्वर माझी मदत' असाही अर्थ घेतात. पण जुन्या लोकांनी दोन्ही एकच मानले. फिलो हा ख्रिस्ताच्याच काळातला अलेक्झांड्रियाचा यहुदी. तो नावांच्या बदलावर लिहिताना ईएसूसचा अर्थ ग्रीकमध्ये 'प्रभूचं तारण' असा फोडून देतो.

यात तुमच्या मत्तयाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. नावांचे हिब्रू अर्थ ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांत तोंडी फिरत होते. मत्तयाच्या श्रोत्यांना किल्ली कुठे आहे ते माहीत असावं. इम्मानुएल हे कुणाचं रोजचं नाव नव्हतं, म्हणून ते फोडावं लागलं. आपण 'विजय नावाप्रमाणे जिंकला' म्हणतो तेव्हा विजयचा अर्थ कंसात देतो का?

आणि झावळ्यांच्या रविवारी गातात ते 'होसान्ना' याच धातूचं. 'होशीआ ना', तार ना! यरुशलेमात शिरणाऱ्याच्या पुढेमागे लोक त्याच्याच नावाचा धातू ओरडत होते. ग्रीकमध्ये हेही हरवलं, कारण होसान्ना तसंच ठेवलं आणि नावाला ग्रीक कपडे घातले.

---

बखरवाला

धातुपाठ, विजयचं उदाहरण पटलं. माझी तक्रार मागे. होसान्नाचं तर ध्यानीमनी नव्हतं.

---

पोदेर

मग मराठीत दोघांना एकच नाव द्यायला हवं होतं का? सगळीकडे येशू, किंवा सगळीकडे यहोशवा?

---

बखरवाला

नाही बुवा. पुण्यातल्या वाचकाने 'इब्री' ४:८ला पेन्सिल काढत बसावं यात काय मिळवलं? यहोशवाच बरोबर. पण काहीतरी जातं हेही खरं. त्या पत्राचा लेखक ग्रीक श्रोत्यांशी बोलतोय. 'त्या ईएसूसने विसावा दिला नाही' असं तो म्हणतो आणि पुढच्याच काही वाक्यांत 'देवाचा पुत्र ईएसूस' येतो. ऐकणाऱ्याच्या कानात आपोआप घंटी वाजते. बर्नबाच्या नावावरच्या जुन्या पत्रात आणि दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन याने तर या नावसाम्यावर पानंच्या पानं रंगवलीत. मराठीत ती घंटी वाजत नाही. एक तळटीप पुरली असती: 'ग्रीकमध्ये येशू आणि यहोशवा एकच.' बस.

पंडिता रमाबाई याच कामासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावला मुक्ती सदनातल्या बायकांनी खिळे जुळवले, आणि त्यांच्या मागे १९२४ला ते सबंध बायबल छापून झालं. ती प्रत कुणाकडे असेल तर हे एक वचन बघून सांगा. मला बघायचंय की ज्या बाईने स्वतः मूळ वाचलं तिने इथे काय केलं.

---

हस्तलिखितवेडा

माझ्या ओळखीत एकांकडे आहे. दिवाळीत जाणार आहे, तेव्हा बघतो.

---

शनिवार_तेलीण

बखरवाले, त्या पेन्सिलच्या खुणेचा फोटो टाका ना.

---

बखरवाला

टाकतो. प्रश्नचिन्हाखाली मी पण पेन्सिलीनेच 'नूनाचा मुलगा' एवढं लिहिलंय. मालक परत आला तर सोय.

---

तिखट_शेव

ते सगळं ठीक. रद्दीवाला कुठला ते सांगा आधी. चाळीस रुपयांत?